जैन दर्शन व्यक्तिवादी आहे का? एका संशोधक विद्यार्थिनीच्या प्रश्नाला उत्तर

प्रश्न थोडक्यात असा: समाजशास्त्रात पीएच.डी.चा आराखडा करताना ‘जैन धर्म मुळात व्यक्तिवादी आहे’ हे गृहीतक मांडावं, असं मार्गदर्शकांनी सुचवलंय. जीव ज्याचा त्याचा, कर्म ज्याचं त्याचं, मोक्षही ज्याचा त्याचा, म्हणून ते बरोबर वाटतं. पण घरात आणि समाजात जे दिसतं त्याच्याशी ते जुळत नाही. मग गृहीतक ठेवावं की बदलावं?

बदला, असं माझं मत. जैन दर्शन ज्याला एकटा म्हणतं तो जीव. समाजशास्त्र ज्याचा अभ्यास करतं तो माणूस, म्हणजे अमक्याचा मुलगा, तमक्या पोटजातीचा, इतक्या वयाचा, गावात एवढी पत असलेला. तुमच्या गृहीतकात हे दोघे एकच धरले गेलेत. हा फरक समजून घ्यायला पाश्चात्त्य सिद्धान्ताकडे जायचीही गरज नाही, जैन कर्मशास्त्रानं तो स्वतःच फार बारकाईनं करून ठेवलाय. मी कोल्हापूर-सांगली पट्ट्यात वर्षानुवर्षं हा विषय शिकवत आलोय, त्यामुळे उदाहरणं त्या भागातली जास्त येतील.

आधी जीव. तत्त्वार्थसूत्र हा जैन तत्त्वज्ञानाचा पायाभूत सूत्रग्रंथ त्याचं लक्षण दोन शब्दांत देतं, ‘उपयोगो लक्षणम्’. उपयोग म्हणजे इथं चैतन्याचा व्यापार, जाणणं आणि पाहणं. असे जीव अनंत आहेत, प्रत्येक अनादी आहे, कुणी निर्माण केलेला नाही आणि कुणात विलीनही होणार नाही. अद्वैत वेदान्तात शेवटी वेगळेपण उरत नाही. बौद्धांनी टिकून राहणारा आत्माच नाकारला. सांख्यांनी अनेक पुरुष मानले खरे, पण ते स्वतः काही करत नाहीत, नुसते साक्षी असतात. जैनांचा जीव मात्र कर्ता आहे, भोक्ता आहे आणि देहाएवढा आहे. मुंगीत मुंगीएवढा, हत्तीत हत्तीएवढा. दिव्याचा प्रकाश जागेनुसार आक्रसतो-पसरतो तसा, हा दृष्टान्त सूत्रकारांचाच. मुक्त झाल्यावरसुद्धा सिद्ध जीव आपल्या शेवटच्या देहापेक्षा किंचित कमी आकारानं लोकाच्या अग्रभागी राहतो. अनंत सिद्ध एकाच जागेत, तरी एकमेकांत न मिसळता. वेगळेपणाचा इतका टोकाचा आग्रह दुसऱ्या कुठल्या भारतीय दर्शनात मला तरी दिसत नाही.

इथवर वाचलं की ‘व्यक्तिवाद’ म्हणायचा मोह होतोच. तो मोह स्वयंपाकघरात मोडतो. कंदमुळं वर्ज्य का, असं कुणाही जुन्या जैन बाईंना विचारा. त्या सांगतील की त्यात अनंत जीव असतात. शास्त्रात याला साधारण वनस्पती म्हणतात. एकच शरीर, त्यात अनंत निगोद, म्हणजे अतिसूक्ष्म, जीव, सगळ्यांचा आहार एक, श्वास एक, जन्म-मरणही बरोबरच. म्हणजे जैन दृष्टीनं एक बटाटा ही एक व्यक्ती नाही. देह मोजून व्यक्ती मोजता येत नाहीत, आणि व्यक्ती असायला माणूस असावं लागत नाही. आधुनिक व्यक्तिवादाचा नायक हा हक्क, मत आणि मालमत्ता असलेला माणूस असतो. एकेंद्रियापासून पंचेंद्रियापर्यंत सगळ्यांना जीव मानणाऱ्या या यादीत तो फार थोडी जागा व्यापतो.

आता तुमच्या प्रबंधाचा खरा गाभा, म्हणजे आठ कर्मं. पाठ्यपुस्तकात ती यादीसारखी पाठ करून घेतात आणि पुढे जातात, ही चूक आहे. ज्ञानावरणीय, दर्शनावरणीय, मोहनीय आणि अंतराय ही चार घातिया, कारण ती जीवाच्या गुणांचाच घात करतात. वेदनीय, आयु, नाम आणि गोत्र ही चार अघातिया. ती जीवाच्या स्वरूपाला हात लावत नाहीत, फक्त त्याला कुठला देह, किती आयुष्य, कसलं सुखदुःख आणि कुठलं कूळ मिळणार हे ठरवतात. समाजशास्त्राच्या कुठल्याही प्रश्नावलीचं पहिलं पान डोळ्यांसमोर आणा. वय, लिंग, जात, कुटुंब, आर्थिक स्थिती, तब्येत. जवळपास सगळं पान अघातिया कर्मांत येतं. आपण ज्याला ‘माणसाची ओळख’ म्हणून नोंदवतो त्याला जैन शास्त्र जीवाला चिकटलेलं पुद्गल, म्हणजे जड द्रव्य, म्हणतं आणि केवलज्ञान, म्हणजे पूर्ण ज्ञान, झालेल्या अरिहंतालाही ते आयुष्य संपेपर्यंत बाळगावं लागतं, असंही सांगतं.

नामकर्माच्या उपप्रकारांत तर समाजशास्त्रज्ञाला खजिनाच सापडावा. ‘यशःकीर्ति’ नामकर्मामुळे नावलौकिक होतो. ‘सुभग’ नामकर्मामुळे माणूस इतरांना प्रिय वाटतो. ‘आदेय’ नामकर्माचा अर्थ दिगंबर टीकाकार तेजस्वी देह असा करतात. श्वेतांबर टीकाकारांच्या मते त्यामुळे माणसाचा शब्द लोक मानतात. जर्मन समाजशास्त्रज्ञ मॅक्स वेबर करिष्म्याबद्दल बोलतो तेव्हा तो लोकांच्या मान्यतेवर टिकतो असं सांगतो. मान्यता गेली की करिष्मा गेला. कर्मशास्त्र तीच गोष्ट उलट्या बाजूनं मांडतं. लोकांना मी आवडतो, कारण माझ्या सुभग नामकर्माचा उदय चालू आहे. समाजशास्त्र ज्याला दोघांमधला संबंध म्हणेल तो इथं एकाच्याच खात्यावर जमा होतो. दोन्ही शास्त्रांमधला खरा भेद मला इथं दिसतो. ‘व्यक्ती महत्त्वाची की समाज’ या ठरावीक वादात तो सापडणार नाही.

मग जैन दर्शनात परस्परसंबंधाला जागाच नाही का? आहे. ‘परस्परोपग्रहो जीवानाम्’, जीव एकमेकांच्या उपयोगी पडतात, हे सूत्र महावीरांच्या २५००व्या निर्वाण महोत्सवाच्या वेळी, १९७४ साली स्वीकारलेल्या जैन प्रतीकाखाली लिहिलेलं तुम्ही पाहिलं असेल. आज त्याचा अर्थ सामाजिक सलोखा असा लावतात. मूळ संदर्भ थोडा कोरडा आहे. प्रत्येक द्रव्य इतरांना काय ‘उपकार’ करतं याच्या वर्णनात, धर्म-अधर्म-आकाश-पुद्गलांच्या ओळीत ते येतं (इथं धर्म-अधर्म म्हणजे गतीला आणि स्थितीला साहाय्य करणारी द्रव्यं), आणि टीकाकार मालक-नोकर, गुरु-शिष्य अशी उदाहरणं देतात. तरी एक गोष्ट त्यातून नक्की निघते. जीव दुसऱ्याला निमित्त होऊ शकतो, त्याचं कर्म मात्र वाटून घेऊ शकत नाही. म्हणूनच मेलेल्या बापाला मुलानं केलेल्या श्राद्धाचं पुण्य पोचतं, ही कल्पना जैन आचार्यांनी मानली नाही. आमच्या भागात घरोघरी सुतक पाळतात आणि विधी करायला उपाध्ये, म्हणजे जैन पुरोहित, येतात, हे खरं. पण त्यातला कुठलाही विधी बापाचं कर्म फेडतो असं शास्त्राप्रमाणे म्हणता येत नाही.

जबाबदारीचा हिशेब मात्र माणसा-माणसांतून जातो. पाप तीन प्रकारे घडतं. कृत म्हणजे स्वतः केलेलं, कारित म्हणजे करवलेलं आणि अनुमत म्हणजे दुसऱ्यानं केलेल्याला मनानं मान्यता दिलेलं. याला मन-वचन-काया या तिन्हींनी, संरंभ-समारंभ-आरंभ (संकल्प, तयारी, प्रत्यक्ष सुरुवात) या तीन पायऱ्यांनी आणि क्रोध-मान-माया-लोभ या चार कषायांनी, म्हणजे मनोविकारांनी, गुणलं की १०८ भेद होतात. जपमाळेच्या १०८ मण्यांचा अर्थ पुष्कळ घरांत असाच सांगतात. यात कारित आणि अनुमत ही दोन्ही शुद्ध सामाजिक कृत्यं आहेत. मालकानं मुनीमाकडून करवलेलं काम मालकाच्याही खात्यात लागतं, आणि टाळ्या वाजवणाराही सुटत नाही. कर्म एकट्याचं असलं तरी ते बांधलं जाण्याच्या वाटा चौघांतून जातात. माझ्या मते तुमच्या प्रबंधाचा एक अख्खा अध्याय इथं उभा राहतो.

आता संघाकडे. जैन साधनेत चिंतनाचे बारा विषय आहेत, त्यांना बारा भावना म्हणतात. त्यांतली चौथी ‘एकत्व’. एकटाच जन्मतो, एकटाच मरतो, नातलग स्मशानापर्यंत. पाचवी ‘अन्यत्व’, देहसुद्धा मी नाही. मुनी रोज हे चिंतन करतो. पण त्याच मुनीला एकट्यानं विहार करायला दिगंबर परंपरेचा मूलाचार हा मुनींच्या आचाराचा ग्रंथ परवानगी देत नाही. तप, श्रुत आणि बळ यांनी पुरा पडणारा एखादा अपवाद सोडला, तर एकलविहाराला तिथं कडक विरोध आहे. मनाला येईल तसं जाणारा, बसणारा, बोलणारा एकटा मुनी माझा शत्रूसुद्धा न होवो, अशा अर्थाची गाथाच त्यात आहे. श्वेतांबरांकडेही एकट्यानं साधना करण्याचा जिनकल्प जंबूस्वामींनंतर बंद झाला असं मानतात. उरला तो स्थविरकल्प, म्हणजे गच्छात, साधूंच्या समूहात, राहून केलेली साधना. एकटेपणा शिकायला समूह लागतो हे परंपरेनं फार लवकर ओळखलं होतं.

पहाटे चौका लावलेल्या, म्हणजे मुनींच्या आहारासाठी शुद्ध स्वयंपाक मांडलेल्या, घराचं निरीक्षण जरूर करा. दिगंबर मुनी दिवसातून एकदा, उभ्यानं, ओंजळीत आहार घेतात. निघताना मनात एखादा नियम धरतात, अमुक दिसलं तरच आहार घेईन असा, आणि तो कुणाला सांगत नाहीत. दारात नवरा-बायको शुद्ध वस्त्रांत उभे. ‘नमोस्तु, अत्र तिष्ठ तिष्ठ, मनशुद्धी, वचनशुद्धी, कायशुद्धी, आहारजल शुद्ध आहे.’ नियम जुळला तर मुनी थांबतात. नाही जुळला तर पुढे जातात, आणि कुठंच नाही जुळला तर त्या दिवशी उपवास. घर सोडलेला माणूस रोज कुणाच्या तरी घरावर अवलंबून, आणि त्या घराची प्रतिष्ठा मुनी थांबले की नाही यावर अवलंबून. देणं-घेणं इतकं उघड असूनही देणाऱ्यानं काही मागायचं नाही आणि घेणाऱ्यानं आभार मानायचे नाहीत. भेट दिली की परतफेड आलीच, हा फ्रेंच समाजशास्त्रज्ञ मार्सेल मॉसचा सिद्धान्त या दारात अडखळतो.

फ्रेंच मानववंशशास्त्रज्ञ लुई द्यूमाँचं नाव तुमच्या मार्गदर्शकांनी घेतलंच असेल. भारतात संसारातला माणूस नात्यांनी आणि जातीनं बांधलेला, आणि खरी ‘व्यक्ती’ फक्त संन्यासी, संसाराबाहेरची, अशी त्याची मांडणी. ती चमकदार आहे, आणि जैन समाजाला अर्धीच लागू पडते. कारण जैनांकडे गृहस्थ आणि मुनी यांच्यामध्ये भिंत नाही, पायऱ्या आहेत. श्रावकाची पाच अणुव्रतं म्हणजे मुनीच्या पाच महाव्रतांचीच मर्यादित रूपं. त्यानंतर श्रावकाच्या अकरा प्रतिमा, म्हणजे व्रतांच्या चढत्या पायऱ्या, येतात. चौदा गुणस्थानांत, म्हणजे आत्म्याच्या प्रगतीच्या पायऱ्यांत, चौथं अविरत सम्यग्दृष्टीचं (श्रद्धा खरी, पण व्रत नाही), पाचवं देशविरत श्रावकाचं (अंशतः व्रतं घेतलेल्याचं), सहावं मुनीचं. संसारात राहून, जातीत लग्न करून, शेती करून माणूस पाचव्या पायरीवर असू शकतो. द्यूमाँच्या दोन कप्प्यांत हा माणूस कुठं ठेवणार?

शेतीवरून वेबर आठवला. वेबरनं जैनांचा विचार केला तो प्रामुख्यानं व्यापारी समाज म्हणून. अहिंसेमुळे नांगर धरता येत नाही, म्हणून व्यापार, असा तर्क. गुजरात-राजस्थानच्या शहरी श्वेतांबरांकडे पाहून तो पटतो. शिरोळ, हातकणंगले, वाळवा किंवा पलीकडे बेळगाव जिल्ह्यात गेलात तर चतुर्थ या पोटजातीचे जैन पाटील-चौगुले-मगदूम पिढ्यान्‌पिढ्या नांगर धरत आलेत, आता ऊस लावतात. २०११च्या जनगणनेत देशातल्या सुमारे ४४.५ लाख जैनांपैकी १४ लाख महाराष्ट्रात होते, सर्व राज्यांत सर्वाधिक. त्यातले हे शेतकरी जैन वगळून ‘जैन व्यक्ती’बद्दल सिद्धान्त मांडणं धोक्याचं. विलास संगवे यांचं जैन समाजाचं १९५९चं सर्वेक्षण आधी वाचा. पोटजातींचं चित्र तिथं नीट मिळेल. मायकल कॅरिदर्स यांनी कोल्हापूर भागातल्या दिगंबरांमध्ये क्षेत्रकार्य केलं आणि ‘व्यक्ती’ या समाजशास्त्रीय कल्पनेवरच्या १९८५च्या निबंधसंग्रहाचे ते एक संपादकही होते. तुमच्या विषयाच्या दोन्ही टोकांना हात असलेला असा अभ्यासक क्वचित मिळतो.

जातीचा प्रश्न टाळू नका, हे मात्र आग्रहानं सांगतो. शास्त्र पाहाल तर नवव्या शतकातले जिनसेन आदिपुराणात स्वच्छ लिहितात, ‘मनुष्यजातिरेकैव’. जातिनामकर्माच्या उदयानं झालेली मनुष्यजात एकच, चार भेद उपजीविकेमुळे पडले. समंतभद्रांच्या रत्नकरंड श्रावकाचारात आठ मद, म्हणजे गर्वाचे प्रकार, सांगितलेत, त्यात कूळ, जात, ऐश्वर्य आणि लोकमान्यता हे चारही येतात, आणि मातंगाच्या पोटी जन्मलेला सम्यग्दृष्टी देवतुल्य आहे असंही तिथंच म्हटलंय. तत्त्वार्थसूत्र तर सांगतं की दुसऱ्याची निंदा आणि स्वतःची स्तुती करणाऱ्याला नीच गोत्राचा बंध होतो. म्हणजे कुळाचा अभिमान हाच नीच कुळाचा रस्ता. पण गोत्रकर्माची कल्पना दुधारी आहे. आज जो वर आहे तो आपल्या कर्मानं वर आहे, असं म्हणायची सोयही तीच करून देते, आणि समाजानं ती सोय पुष्कळदा घेतली.

एकाच भागातली, एकाच काळातली दोन माणसं शेजारी ठेवून पाहा. आचार्य शांतिसागर, भोजचे चतुर्थ शेतकरी घरातले, विसाव्या शतकातल्या दिगंबर मुनिपरंपरेचे पुनरुज्जीवक. मुंबई राज्याचा हरिजन मंदिरप्रवेशाचा कायदा जैन मंदिरांना लागू होऊ नये म्हणून त्यांनी १९४८पासून सुमारे तीन वर्षं धान्य सोडलं. अकलूजच्या मंदिराच्या खटल्यात १९५१ साली मुंबई उच्च न्यायालयाचा निकाल जैनांच्या बाजूनं लागेपर्यंत. दुसरे भाऊराव पाटील. कुंभोजला दिगंबर जैन कुटुंबात जन्म, १९१९ साली रयत शिक्षण संस्था, आणि साताऱ्याच्या बोर्डिंगात सगळ्या जातींची मुलं एका पंगतीत. दोघांनाही जीव समान आहेत हे मान्य. एकाच्या दृष्टीनं जैन समाजाचं वेगळेपण राखणं हा धर्म, दुसऱ्याच्या दृष्टीनं पंगत एक करणं. दर्शनातून समाजव्यवस्था आपोआप निघत नाही, हे दाखवायला याहून जवळचं उदाहरण मला माहीत नाही. माझा कल भाऊरावांकडे आहे, तो लपवत नाही. पण शांतिसागरांची बाजू नुसती सनातनी म्हणून निकालात काढलीत तर अल्पसंख्य समाजाची स्वतंत्र ओळख हा त्यातला धागा हातातून निसटेल. जैनांना राष्ट्रीय पातळीवर अल्पसंख्य दर्जा मिळायला २०१४ उजाडलं. वारसाहक्काला मात्र आजही हिंदू उत्तराधिकार कायदाच लागू आहे. ज्याचा जीव अनादी काळापासून एकटा, तो प्राप्तिकर खात्याकडे अविभक्त हिंदू कुटुंबाचा कर्ता म्हणून विवरणपत्र भरत असतो!

सल्लेखना म्हणजे हळूहळू अन्नपाणी सोडून मरण स्वीकारण्याचं व्रत. त्यावर विद्यार्थी हमखास फ्रेंच समाजशास्त्रज्ञ डर्कहाइमचं परार्थी आत्महत्येचं लेबल लावतात. लावू नका. डर्कहाइमच्या त्या प्रकारात समूह व्यक्तीला गिळतो आणि ती समूहासाठी किंवा समूहाच्या दबावानं मरते. सल्लेखनेची शास्त्रोक्त भूमिका कषाय क्षीण करण्याची आहे. मरणाची इच्छा धरणं हा तिथं अतिचार, म्हणजे दोष, मानलाय. तरीही ती खासगी नाही. गुरूची अनुमती लागते, सगळ्यांची क्षमा मागावी लागते, आणि भगवती आराधना हा ग्रंथ क्षपकाच्या, म्हणजे सल्लेखना घेतलेल्या साधकाच्या, सेवेला ४८ निर्यापक (साथ देणारे) मुनी सांगतो, अगदीच नसतील तर किमान दोन. मरणासारख्या एकट्यानं करायच्या गोष्टीला ४८ सोबती! राजस्थान उच्च न्यायालयानं १० ऑगस्ट २०१५ रोजी ही प्रथा आत्महत्या ठरवली आणि त्याच महिन्याच्या ३१ तारखेला सर्वोच्च न्यायालयानं त्या निकालाला स्थगिती दिली. तो वाद ‘व्यक्तीचा निर्णय की समाजाचा दबाव’ असा रंगला. क्षेत्रात गेलात तर दोन्ही बाजू एकाच खोलीत बसलेल्या दिसतील. म्हातारीचा निर्धार खरा असतो आणि दारात लागलेली दर्शनाची रांगही.

स्त्रियांबद्दल थोडंच सांगतो, कारण हा स्वतंत्र प्रबंधाचा विषय आहे. जीवाला लिंग नाही, हे दोन्ही पंथांना मान्य. तरी दिगंबर स्त्रीदेहातून थेट मोक्ष मानत नाहीत, आणि श्वेतांबर एकोणिसाव्या तीर्थंकर मल्ली यांना स्त्री मानतात. व्यवहारात घरातली बहुतेक व्रतं, उपवास, पर्युषणातली तपं बायकाच करतात. निर्जरा, म्हणजे कर्म झडणं, त्यांच्या जीवाची. मिरवणूक, पारण्याचा सोहळा आणि अंकातला फोटो घराण्याचा.

तेव्हा गृहीतक असं काहीसं करा: जैन दर्शनातला जीव आणि जैन समाजातली व्यक्ती यांतलं अंतर व्रत, दान आणि जबाबदारीच्या नियमांतून सांभाळलं जातं, आणि ते वेगवेगळ्या पोटजातींत, स्त्री-पुरुषांत वेगवेगळं सांभाळलं जातं. हे तपासता येईल. ‘जैन धर्म व्यक्तिवादी आहे’ हे कसं तपासणार? नमुना निवडताना निम्मी घरं तरी शेतकरी जैनांची घ्या, नाहीतर निष्कर्ष पेठेतल्या दुकानापुरतेच राहतील. मुलाखतीत ‘हे व्रत का घेतलं’ हा प्रश्न सुरुवातीला नको. त्याचं उत्तर सगळे प्रवचनातलंच देतात. आधी विचारा, व्रत घ्यायचं ठरल्यावर घरात पहिल्यांदा कुणाला सांगितलं, नाही कोण म्हणालं, आणि पारण्याचा खर्च कुणी केला. आणि उत्तर देणारी सून असेल तर सासूबाई देवळात गेल्या असतील अशी वेळ गाठा.